लिंबाची वीट आणि खाटेखालचा डबा

५ मार्च, बुधवार

काय वहीबाई, काल काय सांगितलं होतं मी? आठवते का? न्हाई ना! पोट भरून शाई पितेस अन् तोंडातून शब्द निघत न्हाई. निलमनं दिवाळीत तुला आणलं तवा म्हणली, "दादी, मनातलं हिला सांगत जा. ही विसरत न्हाई." अन् मी रोज विचारते तर तू ढिम्म. मला एक अक्षर येत न्हाई, म्हणून माझं सगळं डोक्यात आहे. कोणत्या म्हशीनं कोणत्या साली लाथ मारली ते सुद्धा. लिहिणारे लोक कागदावर ठेवतात अन् मोकळे होतात. मग कागद पण मोकळा.

लिहून राहिली माझी सून शिला. बारावी पास. म्हणजे घरातल्या चोरालाच किल्ल्या. पण माझ्या पोराच्या, प्रेमदासच्या हाती दिली असती तर त्यानं तुझी पानं फाडून तंबाखूच्या पुड्या बांधल्या असत्या. त्यापरीस ही बरी.

आजची बातमी — निलमचा नांदेडहून फोन. माझी नात, तिथं नर्सिंग शिकते. होळीला घरी येते. होळीचीच जन्मलेली ती. वाढदिवसाला केक पाहिजे म्हणते — लिंबाचा! गोल न्हाई, लांबट. वरून साखरेचा पांढरा थर ओघळलेला. फोनवर फोटो पाठवला. मी नीट पाहिला. वीट आहे, वरून चुना सांडलेला. म्हणलं, "खायचं का घर बांधायचं?"

"याडी, तुमाला न्हाई कळायचं ते," शिला म्हणते. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटीत आई. आईला असं बोलतात? लिही, लिही. थांबलीस काहून?

दुसरी बातमी पण हिनंच आणली. वारंगा फाट्यावरची लतीफची बेकरी ईद झाली की बंद. लतीफचे गुडघे गेले. त्याचा पोरगा फहीम नांदेडला नोकरीला आहे, तो दोघांना घेऊन जाते — लतीफला अन् त्याच्या बायकोला, मदीनाबीला.

जाऊ दे. मला काय त्याचं.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर लाईट न्हाई. केक न्हाई. मोबाईल बंद. सूनबाईंना आठवलं की घरात झाडू पण असतो.

७ मार्च, शुक्रवार

झाला! झाला एकदाचा केक! तांड्यात दाखवायला न्यावा असा झाला.

सकाळी शिलानं तराजू मांडला. पोरांच्या खेळण्याएवढा. त्यात मैदा मोजते — एकशेऐंशी ग्राम. एक चिमूट जास्त झाली तर परत काढते. म्हणलं, "सोनाराच्या घरची का ग तू?" मी जन्मभर ओंजळीनं मोजलं, पन्नास माणसांची लापशी केली, कुणी उपाशी उठलं न्हाई. पण मोबाईलमधली बाई ओंजळ म्हणत न्हाई, ग्राम म्हणते. तिच्या स्वयंपाकघरात एक डाग न्हाई. ती रांधत नसणार. नुसती बोलते.

मग ह्या हुशार बाईला वाटलं, लिंबाचा केक पिवळाधमक दिसला पाहिजे. आता हिंगोली जिल्ह्यात पिवळं म्हणलं की काय? घरात हळद शिजवणं सुरू, अंगणात हळद, पायाला हळद, प्रेमदासच्या मिशीला हळद. हिनं चमचाभर हळद टाकली. वरून केक फुगावा म्हणून सोडा — मोबाईलवाली म्हणली त्याच्या दुप्पट. कुकरात खाली मीठ अंथरून भांडं ठेवलं. अर्ध्या तासानं उघडलं.

लाल! कुठं लाल, कुठं तपकिरी. जसं देवीपुढं कुंकू सांडलं!

अग, हळदीत सोड्यासारखा खार गेला की ती लाल होते, हे तांड्यातल्या लेकराला माहीत आहे. बारावीला न्हाई शिकवत वाटते. तळाला जळाला, मधी कच्चा. शेळ्यांना टाकला. त्यांनी दोन मिनटांत संपवला. शेळ्यांचं काय, गोड असलं की खातात. मला माहीत आहे त्यांचं.

दुपारी शिलाला लांबट भांडं पाहिजे झालं, विटेच्या आकाराचं. घरभर उलथापालथ. शेवटी माझ्या खाटेखाली वाकली अन् पत्र्याचा डबा ओढला, कडीला धरून. म्हणते, "याडी, हा कापून साचा करता येईल. कडीला दोरा काहून बांधला?"

म्हणलं, हात काढ. त्यात माझा लग्नातला फेटिया आहे, आरशांचा घागरा. ज्या डब्यात माझी इज्जत ठेवली त्यात तुझी वीट भाजायची न्हाई.

ठेवला परत.

९ मार्च, रविवार

आज दुसरा केक. शेजारच्या निताकडून ओव्हन आणला, दोघी जणी पालखीसारखा उचलून. नितानं तो घेतला तवापासून त्यात पापड ठेवते. आत झुरळाचं एक कुटुंब राहत होतं, त्यांना आधी बेघर केलं.

हळद टाकली न्हाई. एवढी अक्कल आली. केक फुगला पण! काचेतून आमी दोघी बघून राहिलो. मी बघत न्हवते, मी तिथं बसले होते. अन् लाईट गेली. केकनं एक उसासा टाकला अन् मधी बसला. असा बसला की त्यात चिमणी अंघोळ करील. प्रेमदासनं खाल्ला. म्हणला, "बरा झाला की." त्याच्या बोलण्याला काय अर्थ! लेकरू होता तवा माती खायचा अन् हसायचा.

शिलाच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणते, "निलम पोरगा असती तर पहिल्या होळीला धुंड केली असती, तांडा जेवला असता. पोरीची कुणी केली न्हाई. आता तिनं तोंडानं एक मागितलं, ते पण मला जमत न्हाई."

धुंड म्हणजे लेकराच्या पहिल्या होळीचा सोहळा, आमच्यात पोरांचाच करतात. मी न्हाई केला तो नेम.

मग नाक पुसून म्हणते, "लतीफचाच्याच्या भट्टीत नेऊ का? तिथं ब्रेडचे लांबट साचे पण आहेत. लाईट लागत न्हाई."

न्हाई म्हणलं. ह्या घरातलं पीठ त्या भट्टीत जायचं न्हाई. काहून, ते हिला ठाऊक आहे, पण वहीबाई तुला न्हाई. लिही शिला, नीट लिही, एकदाच सांगते.

अकरा वर्षं झाली. माझी लेक रतनाची पहिली दिवाळी, सासरी फराळ पाठवायचा होता. तवा दिवाळीआधी सगळा तांडा लतीफच्या बेकरीत जायचा. आपलं पीठ, आपलं तूप, आपली साखर न्यायची, आपला पत्र्याचा डबा तिथं ठेवायचा. चार दिवसांनी डबा भरून नानकटाई. मी घरच्या म्हशीचं तूप नेलं होतं, सहा महिन्यांचं साठवलेलं. मदीनाबी गल्ल्यावर बसायची. माझी मैत्रीण होती ती. होती. फाट्यावर गेले की आधी तिच्याकडं चहा, मग बाजार. माझ्या डब्याला खूण होती, कडीला काळा दोरा. अन् तिनं मला दिला भलताच डबा! रतनाच्या सासरी उघडला तर आत डालड्याची बिस्किटं, दगडासारखी. रतनाची सासू म्हणली, "विहीणबाईंच्या तुपानं दात पडला माझा." लेकीला चार महिने ऐकावं लागलं.

मी फाट्यावर गेले. भर बाजारात मदीनाबीला म्हणलं, माझं तूप खाल्लंस तू. ती म्हणली, "भिका, तेरा डिब्बा तूच उठा के ले गई." झूट! तांड्यातल्या बाया माझ्या मागं उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून तांड्यातून एक मूठ पीठ त्या भट्टीत गेलं न्हाई. आमी बोललो न्हाई.

शिला विचारते, "मग याडी, तुमचा डबा परत मिळालाच न्हाई का?"

न्हाई. लिही — न्हाई.

खाली वाकून काय बघून राहिली? मांजर आहे का खाटेखाली?

१० मार्च, सोमवार

शिला आज बोलत न्हाई. पेन आपटते. जेवण मात्र बराबर दिलं, तक्रार करायला जागा ठेवली न्हाई बाईनं.

११ मार्च, मंगळवार

दोन दिवसांवर होळी. पोरगी येणार अन् घरात केक न्हाई, नुसतं सुतक. शेवटी मी उठले. म्हणलं, आण इकडं ती लिंबं.

लिंबं आपल्या झाडाची आहेत, ह्यांनी लावलेल्या. ह्यांनी, म्हणजे निलमच्या आजोबांनी, उत्तमसिंगांनी. जन्मात एकच काम पुरं केलं त्यांनी, ते झाड. पातळ सालीची, सोनं लिंबं. अन् शिला त्यांना किसणीवर अशी घासत होती जशी करपलेली कढई. पांढरं पण निघून राहिलं होतं. म्हणूनच पहिल्या दोन्ही केकांना कडवट चव! मोबाईलमधल्या बाईनं हे न्हाई सांगितलं. मी सांगितलं — फक्त पिवळं घे. हात हलका. लिंबू फिरव, किसणी न्हाई. पांढरं दिसलं की थांब. मग ते पिवळं साखरेत टाक अन् बोटांनी चोळ. चोळ, चोळ, भिऊ नको. साखर ओली झाली, सगळ्या घरात वास सुटला. प्रेमदास अंगणातून आत आला, हळदीचे हात घेऊन, "काय करून राहिले तुमी?" म्हणला. कधी न्हाई ते स्वयंपाकघरात आला.

लोणी आपलं. अंडी आपल्या कोंबड्यांची. दही आपलं. मोबाईलचं काय राहिलं त्यात?

शिला खाली बघून म्हणली, "याडी, सगळं आपलं आहे. भट्टी तेवढी न्हाई."

मी उरलेली लिंबं एकेक करून टोपलीत रचली. बाहेर शेळ्या ओरडून राहिल्या होत्या.

मग म्हणलं, जायचं तर जा उद्या. माझं नाव घ्यायचं न्हाई. अन् कोरडं वेगळं ने, ओलं वेगळं. सोडा तिथं जाऊन घाल. इथूनच घालून नेलास तर फाट्यापर्यंत गाडीच्या धक्क्यानं सगळा जीव जाईल त्याचा.

१२ मार्च, बुधवार

शिला सकाळी प्रेमदासच्या गाडीवर गेली. मी वाट बघत न्हवते. दारात ऊन चांगलं होतं म्हणून बसले.

दुपारी आली. मांडीवर फडक्यात बांधलेला केक, बाळंतिणीनं लेकरू आणावं तसा. उघडला. लांबट. वरून मधोमध एक चीर, जशी नांगराची. बदामी रंग. कुठं जळका न्हाई, कुठं कच्चा न्हाई. दाबला तर परत वर येते. मला खोड काढता आली न्हाई, अन् ते बरं न्हाई वाटलं.

शिलानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहायला लावते.

लतीफनं आधी पावाचा घाणा काढला, मग भट्टीची ऊब उतरू दिली, मग हा आत सारला. "नाजुक चीज है, गरम में मर जाती," म्हणला. रोजा धरलेला, तोंड सुकलेलं, गुडघ्याला पट्टा. तरी स्वतः उभा राहिला. मजुरी घेतली न्हाई.

मदीनाबी अजून गल्ल्यावरच बसते. दिसत कमी आहे तिला. शिलानं माझं नाव घेतलं न्हाई. पण मदीनाबीनं भांडं नाकाजवळ नेलं, वास घेतला अन् म्हणली, "ये छिलका किसने घिसाया? सफेद जरा बी नक्को, ऐसा तो एकीच बोलती थी."

शिलानं सोड्याची पुडी सोडली.

"कैसी है वो? मुँह अब्बी वैसाच चलता क्या?"

शिला म्हणते, "चलता है चाची."

असं सांगितलंस तू? माझ्या घरचं खाऊन?

निघताना केक फडक्यात बांधला. गल्ल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकांचे दोन डबे होते, शिलाचं भांडं पण तिथंच. मदीनाबीनं शिलाचा हात धरला. म्हणली, "अपना बर्तन देख के ले बेटी. नाम लिखा है. पढ के ले जा. तू तो पढी-लिखी है. जिसको नहीं आता, उसने पूछ लेना. पूछने में क्या शरम थी, मैं पराई थी क्या?"

बस. पेन ठेव.

ठेव म्हणलं ना.

१३ मार्च, गुरुवार, होळी

निलम आली. बारीक झाली. हॉस्टेलचं खाते. तिच्या बाबाला आधी भेटली, मग शेळ्यांना, मग मला. असा माझा नंबर.

वरचा पांढरा थर आज केला. दळलेली साखर, त्यात लिंबाचा रस. शिलानं रस भसकन ओतला, झालं सरबत. परत साखर. म्हणलं, थेंबाथेंबानं घाल, औषध देतात तसं. चमच्यावरून जड होऊन पडलं पाहिजे, पाण्यासारखं पळालं न्हाई पाहिजे. कालच्या थंड झालेल्या केकवर ओतलं. मधून सुरू झालं अन् दोन्ही बाजूंनी हळूहळू ओघळत आलं, अन् खाली पोचायच्या आत थांबलं. निलमनं टाळ्या वाजवल्या. तिच्या आईनं तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. लिहून राहिली अन् आता परत लावते. लिही!

कापला. मी कडेचा तुकडा खाल्ला, जिथं साखर जास्त गोठते. आधी आंबट, मग गोड, मग सालीचा वास नाकात राहते. वाईट न्हाई. विटेच्या मानानं मऊ आहे. एवढंच लिही, जास्त चढवून ठेवू नको.

मग निलमला तू दिसलीस, वहीबाई. "दादी, वाचू का मोठ्यानं?" म्हणलं वाच, मला पण ऐकू दे मी काय बोलले ते. लाल केकवर हसली, झुरळांवर हसली. मग नऊ तारीख आली. माझी सगळी कथा वाचली तिनं, माझ्याच बोलात. वाचून म्हणली, "बाप रे, मदीना चाची! गोड बोलणारी म्हातारी अन् अशी चोरटी!"

मी आतापर्यंत हे शंभर लोकांना बोलले असेल. बोललेलं वाऱ्यावर जाते. आज पहिल्यांदा माझं बोलणं कागदावरून परत माझ्याकडं आलं. पोरीच्या तोंडून आलं. शिला भिंतीकडं बघून राहिली होती.

मी वहीला मुकी म्हणत होते.

बाहेर होळी पेटली, बाया लेंगी, होळीची गाणी, म्हणून राहिल्या. दरवर्षी पहिला आवाज माझा असते. आज म्हणलं, घसा बसला.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

शिला, नऊ तारखेचं पान काढ. खोडू नको. त्याच्या खाली लिही — डबा मीच चुकीचा उचलला. भट्टीच्या उबेजवळ चार-पाच डबे होते. माझ्या कडीचा दोरा दुसऱ्या डब्याखाली दबलेला, वरून फहीमनं रंगानं नावं लिहिलेली. मदीनाबी म्हणली, "नाम देख के ले." चारचौघात मला वाचता येत न्हाई म्हणायची लाज वाटली. मान हलवली अन् जवळचा उचलला. फाट्यावर भांडून आले त्याच्या चौथ्या दिवशी वरच्या तांड्यावरच्या नानीबाईनं तिच्याकडं चुकून गेलेला माझा डबा आणून दिला, काळ्या दोऱ्याचा, तुपातल्या नानकटाईनं भरलेला. घरात कुणी न्हवतं. लोकांना काय सांगणार? पंधरा दिवस शेळ्यांना चारली. नानीबाई आता राहिली न्हाई. मला वाटलं, साक्ष पण गेली.

हे सांगितलं तर शिला म्हणते, "मला त्या दिवशीच दोरा दिसला होता, याडी." अन् तरी मी बोलले तसं लिहिलं हिनं! एवढी मोठी बाई माझ्या घरात अन् मी तिला हळदीवरून बोलते.

आता ऐक. माझा फेटिया काढ. डबा घास. केकचा दुसरा कडेचा तुकडा त्यात ठेव. झाडाची लिंबं ठेव, सरबताला. अन् बरणीतलं सगळं तूप. सगळं. मला गाडीवर बसव, रोजा सुटायच्या आत पोचलं पाहिजे. मी बोलेन, पण तोंड न्हाईच उघडलं तर तू सांग — हे तूप घ्या, भट्टी विझायच्या आधी ह्याची नानकटाई भाजा अन् ह्याच डब्यात भरून पाठवा. ह्या वेळी शेळ्यांना देणार न्हाई.